कोलाहलाचे उपकार

संकेत स्पष्ट हवा असेल तर प्रथम कोलाहल दूर करावा, हा यंत्रविद्येचा जुना दंडक आहे. त्यास एक विलक्षण अपवाद गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सापडला, आणि तोही हिमयुगांचा विचार करताना.

सुमारे एक लक्ष वर्षांच्या अंतराने पृथ्वीवर हिमयुगाचे चक्र फिरते. तितक्याच काळात पृथ्वीच्या कक्षेचा आकार बदलतो. परंतु त्यामुळे सूर्यप्रकाशात पडणारा फरक अत्यल्प असतो. इतक्या क्षीण कारणातून इतका प्रचंड परिणाम कसा घडावा? १९८१ साली बेन्झी, सुतेरा व वुल्पियानी या इटालियन शास्त्रज्ञांनी सुचविले की, हवामानातील अनियमित खळबळच त्या दुर्बळ कारणाला उंबरठा ओलांडण्यास हात देत असावी. या प्रकारास ‘स्टोकॅस्टिक रेझोनन्स’ हे नाव मिळाले. हिमयुगांचा हा उलगडा सर्वमान्य झाला नाही; कल्पना मात्र टिकली.

प्रकाशाच्या क्षेत्रात तिची कसोटी १९८८ साली लागली. अमेरिकेत मॅकनमारा, वीझेनफेल्ड आणि राजर्षी रॉय यांनी वर्तुळाकार मार्गाचा लेसर घेतला. त्यातील प्रकाश दोहोंपैकी एका दिशेने फिरत राहतो. त्यास त्यांनी एक मंद, नियमित संकेत दिला आणि सोबत हेतुपुरस्सर कोलाहल मिसळला. कोलाहल वाढत गेला तसा प्रकाश त्या संकेताच्या तालावर दिशा पालटू लागला. मात्र योग्य मात्रा उलटताच संकेत पुन्हा बुडाला. पुढे २०१० साली प्रिन्स्टन येथे डिलॉव्ह व फ्लायशर यांनी विखुरलेल्या प्रकाशात हरवलेले चित्र एका स्फटिकातून नेले. स्फटिकावरील विद्युद्दाब नेमका जुळताच विखुरलेल्या प्रकाशाची ऊर्जा चित्राकडे वळली आणि ते उमटले.

दफ्तरांत दिवस घालविणाऱ्या आम्हा मंडळींस हे सारे अगदीच अपरिचित वाटू नये. दूरच्या गावाहून आलेला एकाकी अर्ज कोणाच्याही नजरेत न भरता फायलीत पडून राहतो. भोवती थोडी कुजबुज झाली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की तोच अर्ज साहेबांच्या मेजावर पोहोचतो. गलका अनावर झाला तर मात्र अर्जदाराचे म्हणणे त्यातच लोपते. म्हणून शांतता हाच कारभाराच्या उत्तमपणाचा पुरावा, असे आम्हांस म्हणवत नाही. तथापि एक गोष्ट त्या प्रयोगांइतकीच येथेही खरी: कोलाहल संकेत निर्माण करीत नाही. मुळात कोणीतरी, कितीही क्षीण आवाजात का होईना, काही सांगत असावे लागते.