उगमापाशीं कापलेला कर

दरसाल आर्थिक वर्ष संपत आलें, कीं पगारदार माणसाच्या घरांत एक हिशेब मांडला जातो. वर्षभर पगारांतून जो प्राप्तिकर कापला गेला तो पुरेसा झाला, कमी पडला, कीं जास्त झाला? कमी पडला असेल तर पदरची भर घालावयाची. जास्त झाला असेल तर सरकारकडे परतावा मागावयाचा. भर घालतांना माणूस कुरकुरतो, आणि परतावा हातीं आला म्हणजे घरांत गोडधोड होतें. वास्तविक परत आलेले पैसे त्याचे स्वतःचेच असतात. मग या आनंदाचें कारण काय? या लहानशा प्रश्नामागें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे. राज्यसंस्थेनें नागरिकाच्या मिळकतींतील आपला वाटा केव्हां घ्यावा, कोणाच्या हातून घ्यावा, आणि जास्त घेतला गेल्यास तो कसा परत करावा, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे. आजच्या भाषणांत तो थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

त्याचा आरंभ इंग्लंडांत होतो. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाचा खर्च भागविण्यासाठीं मुख्य प्रधान विल्यम पिट यानें १७९९ सालीं प्राप्तीवर कर बसविला. वार्षिक ६० पौंडांच्या आंतील प्राप्तीस माफी, २०० पौंडांपासून पुढें शेंकडा दहा, आणि मधल्या लोकांस चढता दर, अशी त्याची रचना होती. ज्यानें त्यानें आपली एकंदर प्राप्ति आपणच सांगावयाची होती. पिटचा अंदाज एक कोटि पौंडांचा होता. प्रत्यक्षांत हातीं आले साठ लाखांच्या आसपास. स्वतःच्या उत्पन्नाविषयीं बोलतांना माणसाची स्मरणशक्ति किती अधू होते, हें सरकारला कळून चुकलें.

१८०२ सालीं तह झाला आणि कर रद्द झाला. परंतु पुढच्याच वर्षीं युद्ध पुन्हां पेटलें, व ॲडिंग्टन या मुख्य प्रधानानें तो कर नव्या स्वरूपांत आणला. त्यानें प्राप्तीचे पांच वर्ग पाडले, आणि शक्य तेथें कर प्राप्तीच्या उगमापाशींच कापून घेण्याची तरतूद केली. भाडेकरूनें कर भरावा आणि मालकाला भाडें देतांना तितकी रक्कम वजा करावी. सरकारी नोकराचा कर त्याच्या वेतनांतूनच वळता व्हावा. सरकारी कर्जरोख्यांवरील व्याजास हा नियम १८०६ सालीं लागू झाला. कराचा दर पिटच्या निम्मा, म्हणजे शेंकडा पांच होता. तरी वसूल जवळजवळ पूर्वींइतकाच झाला. लोकांचा प्रामाणिकपणा कांहीं एका वर्षांत दुप्पट झाला नव्हता. पैसा मालकाच्या हातीं पडण्यापूर्वींच सरकारचा हात तेथें पोंचूं लागला होता, एवढेंच.

मात्र या युक्तीच्या पोटीं एक अडचण जन्मास आली. कर कापणाराला रक्कम दिसते, माणूस दिसत नाहीं. हें व्याज लक्षाधीशाचें आहे, कीं त्यावरच उदरनिर्वाह करणाऱ्या एखाद्या वृद्धेचें आहे, हें व्याज देणाराला ठाऊक नसतें. उलट करांतील माफी ही माणसाच्या एकंदर प्राप्तीवर अवलंबून असते. त्यामुळें ज्याला कर लागूच नाहीं त्याच्याहि रकमेंतून तो कापला जातो, आणि त्यानें तो मागून परत घ्यावयाचा असतो. परतावा ही सरकारची मेहेरबानी नव्हे. या पद्धतीच्या अंगींच असलेल्या दोषाची ती दुरुस्ती आहे. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढचा इतिहास सहज उलगडतो. इंग्लंडांत हा कर १८१६ सालीं रद्द झाला. १८४२ सालीं सर रॉबर्ट पील यानें तो पुन्हां बसविला, तेव्हां उगमापाशीं कापण्याची पद्धतहि त्याबरोबर परत आली.

हिंदुस्थानांत हा कर आला तो १८५७ च्या उठावानंतर. बंड मोडण्यासाठीं झालेल्या खर्चानें तिजोरी रिकामी झाली होती. ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचे संस्थापक जेम्स विल्सन यांस अर्थखात्याचे सभासद म्हणून विलायतेहून पाठविण्यांत आलें. त्यांनीं १८ फेब्रुवारी १८६० रोजीं अंदाजपत्रक मांडलें, आणि त्याच वर्षीं २४ जुलैला प्राप्तिकराचा कायदा झाला. वार्षिक दोनशें रुपयांच्या आंतील प्राप्तीस माफी होती. पांचशेंपर्यंत शेंकडा दोन, आणि त्यापुढें शेंकडा चार. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनीं या कराला जाहीर विरोध केला, म्हणून त्यांना परत बोलावण्यांत आलें. विल्सनसाहेब स्वतः ११ ऑगस्ट रोजीं, म्हणजे कायदा होऊन तीन आठवडे लोटले नाहींत तोंच, कलकत्त्यास वारले. दैवाची गंमत अशी कीं, पुढें ट्रेव्हेल्यनसाहेबच अर्थखात्यावर नेमले गेले, आणि १८६५ सालीं त्यांनीं या कराची मुदत संपूं दिली.

त्यानंतर वीस वर्षें हा कर नाना रूपांनीं येत-जात राहिला. १८८६ च्या कायद्यानें मात्र तो कायमचा झाला. या कायद्यानें शेतीचें उत्पन्न वगळलें, पांचशें रुपयांच्या आंतील प्राप्तीस माफी दिली, आणि सरकारी नोकरांचे पगार व सरकारी रोख्यांवरील व्याज यांतून कर कापून घेण्याची सोय केली. १९२२ च्या कायद्यांत ही व्यवस्था अधिक व्यापक झाली. त्याच्या अठराव्या कलमान्वयें पगारांतून व रोख्यांच्या व्याजांतून कर कापला जाई, आणि अठ्ठेचाळिसाव्या कलमान्वयें जास्त कापलेला कर परत मागतां येई.

या दोन कलमांमधील अंतर किती होतें, हें एका कल्पित उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, एका विधवेजवळ पतीनें मागें ठेवलेले रोखे आहेत आणि त्यांवर तिला वर्षाला हजार रुपये व्याज मिळतें. रुपयास चार आणे या दरानें कर कापला गेला, तर तिच्या हातीं साडेसातशें रुपये पडतात. तिची एकंदर प्राप्ति माफीच्या मर्यादेंत असल्यामुळें उरलेले अडीचशें तिचेच आहेत. परंतु ते मिळविण्यासाठीं दाखले जोडा, अर्ज करा, कचेरींत खेपा घाला, आणि मग वाट पाहा! सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण अशाच अनुभवांतून जन्मास आली असली पाहिजे. कापणें आपोआप होतें. परत मिळणें आपोआप होत नाहीं. या पद्धतीचें सारें सामर्थ्य आणि सारा अन्याय या एका वाक्यांत सांठला आहे.

पगारदाराची तक्रार आणखी निराळी होती. त्याची पै न् पै उघड असल्यामुळें तो दर महिन्यास कर देई. व्यापारी मात्र वर्ष उलटून आकारणी झाल्यावर देई, आणि तोंपर्यंत तो पैसा धंद्यांत फिरवी. दुसऱ्या महायुद्धांत महागाई भडकली, तेव्हां बाजारांत खेळणारा पैसा लवकर ओढून घेणें सरकारला आवश्यक वाटलें. म्हणून १९४४ सालीं कायद्यांत १८-अ हें कलम घालून, ज्यांचा कर उगमापाशीं कापतां येत नाहीं त्यांनींहि तो हप्त्याहप्त्यानें आगाऊ भरावा असें ठरविण्यांत आलें. अशा आगाऊ रकमेवर सरकार शेंकडा दोन व्याज देई. भरणा ठराविक प्रमाणापेक्षां कमी झाल्यास करदात्याकडून मात्र शेंकडा सहा घेई.

याच सुमारास अमेरिकेंतहि मोठा पालट झाला. १९३९ सालीं तेथें प्राप्तिकर देणारे सुमारें चाळीस लाख होते. १९४५ सालीं त्यांची संख्या चार कोटींच्या वर गेली. गेल्या वर्षींचा कर या वर्षीं भरावयाचा, ही तेथील जुनी रीत होती. लढाईवर गेलेल्या किंवा नोकरी सुटलेल्या माणसाला मागील कमाईवरचा कर द्यावयाचा कोठून? न्यूयॉर्कच्या मेसी या मोठ्या दुकानाचे खजिनदार बीअर्ड्स्ली रम्ल यांनीं सुचविलें कीं, एका वर्षाचा कर माफ करून घड्याळाचा कांटा पुढें सरकवावा. पुष्कळ वादानंतर १९४३ सालीं कायदा झाला. १९४२ व १९४३ या दोहोंपैकीं ज्या वर्षाचा कर कमी, त्याचा बहुतेकांस ७५ टक्के भाग माफ झाला, आणि १ जुलैपासून मजुरी व पगार यांतून कर कापण्यास सुरुवात झाली. ही योजना आंखण्यांत तरुण अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा हात होता. युद्धकाळीं ती अपरिहार्य होती असें ते पुढेंहि म्हणत. परंतु शांततेच्या काळांत ती तशीच राहिली, आणि सरकारला पैसा काढणें फार सोपें झालें, याची त्यांना खंत वाटे.

इंग्लंडनें यावर अधिक सूक्ष्म तोड काढली. तिचे एक प्रमुख जनक पॉल चेंबर्स हे १९३७ ते १९४० या काळांत हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर-सल्लागार होते. ६ एप्रिल १९४४ पासून सुरू झालेल्या त्या योजनेंत दर पगाराच्या वेळीं वर्षारंभापासूनची सर्व कमाई व सर्व माफी यांचा एकत्र हिशेब होतो. एखाद्या आठवड्यांत मजुरी बुडाली, तर जास्त गेलेला कर धन्याच्या हातूनच परत मिळूं शकतो. त्यामुळें साध्या पगारदाराचें वर्षाअखेर देणें-घेणें सहसा उरत नाहीं. अमेरिकेंत तसा चालू हिशेब नसल्यामुळें वर्षाअखेर मेळ घालावा लागतो. आणि बहुसंख्य लोकांचा कर जास्तच कापला गेलेला असल्यामुळें त्यांना परतावा मिळतो. तो जणूं बक्षीस मिळाल्याप्रमाणें खर्च होतो. वर्षभर आपण सरकारला बिनव्याजी उसनें दिलें होतें, हें त्या आनंदांत विसरलें जातें.

आपल्याकडे १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून अमलांत आला, आणि २०२५ सालीं त्याची जागा घेणारा नवा कायदा संमत झाला. कपातीचें क्षेत्र या काळांत वाढतच गेलें. पगार व रोखे यांच्याबरोबर ठेवींवरील व्याज, भाडें, दलाली, कंत्राटें हींहि त्यांत आलीं. परंतु जुना असमतोल राहिला. १९६१ च्या कायद्याखालीं २००३ सालापासून परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळे, आणि थकलेल्या करावर एक टक्का द्यावें लागे. १९४४ सालीं तराजू एकास तीन असा झुकलेला होता. तो एकास दोन असा झाला, इतकीच प्रगति. २००६ सालीं पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या खटल्यांत, परताव्यावरील व्याज वर्षानुवर्षें अडकवून ठेवल्याबद्दल खात्यानें भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. पुढें २०१३ सालीं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानें स्पष्ट केलें कीं, कायद्यांत सांगितलेल्या व्याजापलीकडे करदात्याला व्याज मागतां येणार नाहीं.

उगमापाशीं कर कापण्याच्या पद्धतीला नांवें ठेवणें सोपें आहे. पण तिच्यावांचून आधुनिक राज्य चालणें कठीण, हेंहि तितकेंच खरें. ज्याला एकदम मोठी रक्कम काढून देणें अशक्य, त्याला ती थोडी थोडी देणें सुलभ होतें. लबाडीला वाव कमी राहतो. प्रामाणिक माणसावरील भार हलका होतो. परंतु न दुखतां घेतलेल्या रकमेविषयीं माणूस प्रश्नहि विचारीत नाहीं, आणि प्रश्न न विचारणारा करदाता हा अर्धाच नागरिक होय. म्हणून वर्षाअखेरचा तो हिशेब कंटाळवाणा मानूं नये. कर भरावा लागला तर आपण किती देतों हें कळतें. परतावा आला तर आपलें किती अडकलें होतें हें कळतें. सरकारनें घेतांना जी तत्परता दाखविली, तीच परत करतांना दाखविली कीं नाहीं, हें पाहण्याचा अधिकार ज्याच्या पगारांतून कर कापला जातो त्या प्रत्येकाचा आहे, आणि तो कोणत्याहि कायद्यानें कापलेला नाहीं.