चुकलेला अर्धा र

गेल्या दिवाळीत भाचीला आकाशकंदील करून द्यायचं कबूल करून बसलो होतो. पुस्तकं घेण्याची माझी पद्धत म्हणजे रद्दीच्या दुकानात हाती लागेल ते उचलायचं! त्यामुळे त्या शनिवारी टेबलावर कंदील शिकवणारं एक फाटकं पुस्तक, अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या छपाईच्या इतिहासावरचं पुस्तक (१९५८) आणि बापूराव नाईकांच्या 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी'चा (१९७१) एक खंड, अशी विचित्र पंगत बसली होती.

कामट्या बांधून झाल्या, कागदही चिकटवला. भाचीला वर 'ताऱ्यांची दिवाळी' असं लिहून हवं होतं. आपण पडलो सॉफ्टवेअरवाले, हाताने कशाला लिहू? झकास फॉण्ट निवडला आणि प्रिंट काढला.

बाबांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला. "रफार कुठून आला इथे?"

बघतो तर 'तार्यांची'! बाबांनी आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले. मी मात्र हीच अक्षरं रोज स्क्रीनवर बघतो आणि मला चूक दिसलीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा र चं काय घेऊन बसलात? पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना आमंत्रण दिलं तर व्याख्यान होईल, आचाऱ्यांना दिलं तर जेवण :) हिंदीला या आडव्या अर्ध्या र ची गरज पडत नाही, मराठीला पदोपदी पडते.

मग कंदील राहिला बाजूला आणि मी प्रियोळकर उघडले. आपली अक्षरं छापली जाणं ही गोष्ट मी किती गृहीत धरली होती! फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. भाषा मराठी, पण लिपी रोमन. १८०५ साली विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, त्यात देवनागरी टाईप होता. पण छापखाना कुठे, तर बंगालात श्रीरामपूरला! १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे अक्षरं हाताने लिहून. पुढे जावजी दादाजी आले. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली काम करत. त्यांनीच १८६९ मध्ये 'निर्णयसागर' काढला आणि त्याचा टाईप देशभर नावाजला गेला. प्रत्येक अक्षर आधी कुणीतरी पोलादात कोरलं, मग ते शिशात ओतलं गेलं, तेव्हा कुठे कागदावर आलं.

आणि आमच्या काळात? विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी केलेला 'मंगल' फॉण्ट आला. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा एक कप्पा आहे. त्यात गंमत अशी, की र, हलन्त आणि य लिहिलं की रफारच येतो. मराठीचा अर्धा र हवा असेल तर नुक्ता असलेला ऱ लागतो. तो मुळात द्राविडी भाषांमधला एक र लिहिण्यासाठी ठेवलेला! म्हणजे आपला 'वाऱ्यावर' शेजाऱ्यांच्या अक्षरावर उभा आहे. सोय कधीच झालेली होती, मीच आळशीपणे साधा र बडवला होता.

संध्याकाळी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे हा र कुठे असायचा?" ते काही बोलले नाहीत. नुसता उजवा हात उचलला आणि हवेतच एका खणाकडे नेला. ऑफसेट आल्यावर त्यांचा छापखाना बंद पडला, त्यालाही कितीतरी वर्षं झाली. पण हाताला तो खण अजून ठाऊक होता. मग दोन तास ते छापखान्याबद्दल बोलत होते. इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

फॉण्टमध्ये अक्षर असून भागत नाही. ते चुकलं की खटकणारं माणूसही घरात लागतं. बाबांनंतर आमच्या घरात ते कोण असेल, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

असो. प्रिंट पुन्हा काढला. कंदील थोडा तिरका झाला, पण र बरोबर होता. भाचीने वर बघून विचारलं, "मामा, हे र वर झोपलेलं काय आहे?"

बाबांच्या आधी मीच सांगायला बसलो.