गाइन्सा, गाबिनो

स्पेनच्या अमलाखालील ग्वातेमालाचा अखेरचा सत्ताधीश आणि स्वतंत्र मध्य अमेरिकेचा पहिला प्रमुख. जन्म स्पेनमधील पाम्प्लोना येथे. जन्मवर्ष बहुधा १७५३. तरुणपणी सैन्यात शिरला. पुढे पेरूमध्ये नोकरी.

१८१४ मध्ये पेरूचा व्हाइसरॉय आबास्काल याने त्याला चिलीतील राजनिष्ठ फौजेचे सेनापतिपद दिले. फौजेने तालका घेतले. सान्तियागो मात्र हाती आले नाही. ब्रिटिश नौदलाच्या जेम्स हिल्यरच्या मध्यस्थीने ३ मे रोजी त्याने चिलीच्या स्वातंत्र्यवाद्यांचे सेनानी ओहिगिन्स व मॅकेना यांच्याशी लिरकायचा तह केला. आबास्कालने तो फेटाळला व गाइन्सावर लष्करी खटला भरला. त्यातून तो सुटला.

मार्च १८२१ मध्ये ग्वातेमालाचा आजारी सत्ताधीश उरुतिया याने तेथील कारभार त्याच्याकडे सोपवला. सप्टेंबरात ग्वातेमालाच्या अमलातील चियापास प्रांत स्पेनपासून फुटल्याची बातमी येताच त्याने अधिकारी, धर्मगुरू व नगरसभा यांची बैठक बोलावली. १५ सप्टेंबरला राजवाड्याबाहेर लोक जमले असताना स्वातंत्र्याचा ठराव झाला. होसे सेसिलिओ देल व्हाये याने लिहिलेल्या या दस्तऐवजाचे पहिलेच कलम बोलके आहे : लोकांनीच स्वातंत्र्य घोषित केल्यास भयंकर परिणाम होतील, ते टाळण्यासाठी गाइन्साने ते जाहीर करावे. पुढील कलमांनुसार १ मार्च १८२२ रोजी काँग्रेस भरायची होती. दर १५,००० लोकांमागे एक प्रतिनिधी, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही नागरिकत्व. गाइन्साचे पद कायम राहिले. राजाच्या अधिकाऱ्याच्याच हाती सत्ता राहिल्याने जुनी व्यवस्था जवळजवळ तशीच टिकली. या दस्तऐवजाचे खरे महत्त्व त्यातच आहे.

काँग्रेस ठरल्या दिवशी भरलीच नाही. त्याआधीच मेक्सिकोचा नेता इतुर्बिदे याने विलीनीकरणाचे आवाहन केले, तेव्हा गाइन्साने नगरसभांचा कौल मागवला आणि ५ जानेवारी १८२२ रोजी विलीनीकरण जाहीर झाले. कौल कितपत मोकळा होता, याविषयी मतभेद आहेत. सान साल्वादोरने नकार दिला. तेथे पाठवलेली सेनानी आर्सूची फौज जूनमध्ये परतवली गेली. त्याच महिन्यात मेक्सिकोचा सेनापती फिलिसोला याने सूत्रे घेतली व गाइन्सा मेक्सिकोला गेला. मृत्यू तेथेच, वर्षाबाबत एकमत नाही.

इतुर्बिदेच्या पतनानंतर फिलिसोलाने १८२१ च्या ठरावाचाच आधार घेऊन काँग्रेस बोलावली. तिने १ जुलै १८२३ रोजी मेक्सिकोपासूनही स्वातंत्र्य घोषित केले. ग्वातेमाला, एल साल्वादोर, होन्डुरास, निकाराग्वा व कोस्टा रिका या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन मात्र १५ सप्टेंबर हाच आहे.