नागपूर स्थानक : जिथे कधीकाळी रूळ संपत होते

नागपूर स्थानकाजवळच्या ‘डायमंड क्रॉसिंग’चे छायाचित्र समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. ते देशातील एकमेव आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. ते पाहून मात्र वाटते की देशाच्या मध्यावर कोणी मुद्दाम हा चौक आखला असावा. तसे घडले नाही. चार दिशांचे रूळ येथे जुळायला ६२ वर्षे लागली.

पहिला रूळ पश्चिमेकडून आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळमार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती वऱ्हाड-नागपूरच्या कापसासाठी. अमेरिकेतील यादवीमुळे या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण ती यादवी १८६५ मध्येच संपली होती. गाडी पोहोचेपर्यंत तेजी ओसरली होती.

कापूस बाहेर नेणाऱ्या त्याच रुळाचा जमशेटजी टाटांनी उलटा विचार केला. कापूस येथे पिकतो, रेल्वे दारात आहे, मग गिरणी येथेच का नको? त्यांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली. हा माणूस जमिनीत सोने गाडतो आहे, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने भांडवल नाकारले. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून घोषित झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. सावकाराला पुढे आपले शब्द मागे घ्यावे लागले.

पूर्वेचा रूळ दुष्काळाच्या छायेत पडला. छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी राजनांदगावपर्यंत १८८२ मध्ये मार्ग झाला. पण तो मीटरगेज. ब्रॉडगेजच्या डब्यांना त्यावरून जाता येईना, म्हणून नागपुरात पोत्यांची एका गाडीतून दुसरीत चढ-उतार करावी लागे. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो मार्ग रुंद केला आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंत नेला. १९०० मध्ये ही कंपनी हावड्याला जोडली गेली. शेवटचे स्थानक आता मुंबई-कलकत्ता मार्गावरचे ठाणे झाले.

उत्तर-दक्षिण जोड मात्र अजून अपुरी होती. इटारसी-नागपूर मार्ग १९२३-२४ मध्ये झाला. पाठोपाठ १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते स्थानकाच्या आजच्या दगडी इमारतीचे उद्घाटन झाले. दक्षिणेचा बल्लारशाह-काझीपेठ दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या नागपूरवरून धावू लागल्या.

त्या दोन कंपन्यांची सीमारेषा अजून पुसलेली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाचा वारसा मध्य रेल्वेकडे आला, बंगाल-नागपूरचा टप्प्याटप्प्याने दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. दोन्हींचा एकेक ‘नागपूर विभाग’ आहे, आणि दोन्हींची मुख्यालये याच शहरात आहेत.