जनुकीय चाचणी आणि कुलेतिहासाची साधने : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात

कुलवृत्तांतलेखन ही मराठी इतिहासलेखनाची एक जुनी व चिवट शाखा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. त्यांची साधने ठरलेली होती : सनदा, महजर, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, देवघरातील टिपणे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडची माहिती. गेल्या दोन-अडीच दशकांत त्यांत लाळेच्या नमुन्यावरून होणाऱ्या जनुकीय चाचणीची भर पडली. खाजगी कंपन्यांनी ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणल्यामुळे आपल्या घराण्याचे मूळ कोठले, या प्रश्नाचे उत्तर आता प्रयोगशाळेतून मिळेल, असा समज पसरत आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांपुरता हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे. कारण येथे वंशावळ हा केवळ हौसेचा विषय नाही. वारसनोंद, इनामजमीन, जातीचा दाखला अशा अनेक कामी ती पुरावा म्हणून मागितली जाते.

मराठी भाषकांपैकी ज्यांच्या पूर्वेतिहासावर जनुकीय संशोधनाने ठळक प्रकाश पडला, असा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्रायली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांती यांमुळे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या समाजातील १८ व्यक्तींच्या नमुन्यांची तुलना इतर ज्यू, भारतीय व पाकिस्तानी समूहांशी करण्यात आली. समाजाचा जनुकीय वारसा ज्यू आणि भारतीय असा दुहेरी आहे, दोन्ही वाटे भरीव आहेत, आणि हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या सहस्रकात घडले, असा निष्कर्ष निघाला. ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, तर स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक आल्याचेही दिसले. परंपरेचा गाभा त्यामुळे बळकट झाला. मात्र गलबत कोणत्या शतकात फुटले, याविषयीच्या प्राचीनतेच्या कल्पनांना या कालगणनेने आधार दिला नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे उत्तर समाजाचे आहे. एखादे पेणकर वा रोहेकर कुटुंब कोणत्या गावी नांदत होते, हे त्यांच्या आडनावानेच सांगितले. रक्ताने किंवा लाळेने नव्हे.

यामागील कारण चाचणीच्या स्वरूपात आहे. ‘वाय’ गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते आणि तंतुकणिकेतील डीएनए आईकडून सर्व अपत्यांकडे जातो. या दोन धाग्यांवरून फार मागे जाता येते, पण प्रत्येक धागा असंख्य पूर्वजांपैकी एकाच ओळीचा असतो. उरलेला डीएनए प्रत्येक पिढीत निम्मा गळतो व नव्याने पिसला जातो. दहाव्या पिढीत कागदोपत्री १,०२४ पूर्वज असतात. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास पूर्वजांचा कोणताही जनुकीय अंश वंशजात उरलेला नसतो. मायलेकरे, भावंडे, चुलत-आते-मामेभावंडे हे नाते चाचणी बऱ्याच खात्रीने सांगते. खापरपणजोबा समान असलेल्या दहा जोड्यांपैकी एखाद्या जोडीत मात्र ओळखण्याजोगा समान अंश सापडतच नाही. थोडक्यात, अगदी जवळचे आणि अगदी दूरचे तिला दिसते. कुलेतिहासकाराला हवा असलेला तिसऱ्या ते दहाव्या पिढीचा टापू नेमका धूसर राहतो.

मराठवाड्यात ही धूसरता अधिक वाढते, ती विवाहपद्धतीमुळे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान उत्तर व दक्षिण भारतातील नातेव्यवस्थांच्या संधिप्रदेशात दाखविले आहे. मामाची मुलगी करण्याची चाल येथे अनेक जातींत आहे. ‘मामाची पोर हक्काची’ असे म्हटले जाते. तेलंगण व कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात काही समाजांत मामा-भाचीचा विवाहही होत आला आहे. मामेबहिणीशी लग्न करणाऱ्याच्या मुलाला पणजोबा-पणज्या आठ नसून सहाच असतात. हीच चाल दोन-तीन पिढ्या चालली तर दोन व्यक्तींमधील समान अंश अनेक जुन्या वाटांनी साचत जातो आणि संगणक त्याचा हिशेब एकाच जवळच्या पूर्वजाच्या खाती मांडतो. परिणामी दूरचा भाऊबंद सख्ख्या चुलत्यासारखा भासू शकतो. या कंपन्यांचे आडाखे मुख्यतः युरोपीय वंशाच्या ग्राहकांवर बेतलेले असल्याने नांदेडच्या सोयरिकींचा गुंता त्यांच्या हिशेबात नीट धरला जात नाही.

तरीही एका ठिकाणी चाचणी कागदाच्या पुढे जाते. आपल्या वंशावळींत स्त्रिया जवळजवळ नसतातच. लग्नानंतर आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते, आणि वतनाच्या कागदात मुलीच्या जागी रेघ असते. तंतुकणिकेतील डीएनए मात्र फक्त स्त्रियांच्याच मार्गाने येतो. नांदेडच्या दखनी शिखांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निर्वाण झाले. पुढे एकोणिसाव्या शतकात, चंदुलाल यांच्या कारभारात, पंजाबातून निजामाच्या चाकरीत शीख फौज आली आणि महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने सचखंड गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू १८३२ ते १८३७ या काळात उभी राहिली. या शिपायांपैकी अनेकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले, असे सांगितले जाते. पितृधागा पंजाबकडे आणि मातृधागा दख्खनकडे जातो काय, हा प्रश्न चाचणीला विचारता येण्याजोगा आहे. त्या स्त्रियांची नावे, गावे व जाती मात्र तिच्यातून निघणार नाहीत.

नावे कागदांत आहेत, आणि कागद विखुरलेले आहेत. गावपातळीवरील जुने दप्तर मोडीत, निजामी दरबाराचे आधी फारसीत आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दूत. इनामांच्या चौकशीतून निघालेल्या मुन्तखबांमध्ये वारसांची परंपरा येते. कोतवाल बुकात जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. १९५० च्या दशकातील खासरा पाहणी पत्रके जमिनीच्या ताब्याची साक्ष देतात. त्र्यंबकेश्वर, गया, काशी येथील उपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे नाव, गाव व पूर्वज नोंदलेले असतात, आणि गावचे दप्तर जळाले तरी ती वही शेकडो कोस दूर शाबूत राहते. ही बाब क्षुल्लक नाही. १९४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांत आणि नंतर पोलीस कारवाईच्या पाठोपाठच्या हिंसाचारात नांदेड व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील (लातूर त्यातच होते) कितीतरी कुटुंबे उखडली गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपात हजारो माणसांबरोबर त्यांच्या पेट्यांतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले, आणि ज्यांना पिढ्या तोंडपाठ होत्या ते वृद्धही.

कागदांचे हे महत्त्व अलीकडे साऱ्या राज्याने पाहिले. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तिच्या पहिल्या अहवालात पावणेदोन कोटींच्या घरात कागद तपासून ११,५३० नोंदी मिळाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरसंबंधीचा शासननिर्णय निघाला. आरक्षणाच्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते, की या साऱ्या खटाटोपात प्रयोगशाळेचे काही काम नव्हते. अंतर्विवाहाच्या दीर्घ खुणा भारतीय समूहांच्या जनुकांत दिसतात, हे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील संशोधकांसह केलेल्या अभ्यासांतून २००९ व २०१३ मध्ये पुढे आले. पण त्या समूहाच्या सांख्यिकीतल्या खुणा आहेत. एका माणसाच्या लाळेत ‘कुणबी’ अथवा ‘मराठा’ असा शिक्का नसतो; तो शिरस्तेदाराच्या लेखणीने उमटलेला असतो, आणि त्या लेखणीची अक्षरे वाचणारे आता थोडे उरले आहेत. समितीच्या कामात मोडीवाचकांची शोधाशोध करावी लागली, ती त्यामुळेच.

चाचणीपूर्वी आणखी एक विचार आवश्यक आहे. एका व्यक्तीचा नमुना तिच्या भावाबहिणींविषयीही बोलतो, त्यांची संमती नसतानाही. घरात जे कोणी कधी उच्चारले नाही ते एखाद्या अहवालातून अकस्मात बाहेर येऊ शकते, आणि ज्या कंपनीकडे ही माहिती दिली ती टिकेलच असे नाही. २०२५ मध्ये अशा चाचण्यांतील एका अग्रगण्य अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा लक्षावधी ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे काय होणार, हा प्रश्न उभा राहिला.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना या कामी फारसा खर्च न करता हात घालता येईल. मोडी व उर्दू लिपीचे वर्ग, कोतवाल बुकांची छायाचित्रे, उपाध्यायांच्या वह्यांची गावनिहाय सूची, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजीला तिच्या आईचे व आजीचे माहेर विचारून लिहून आणणे. शेवटचे काम आधी करावे लागेल.