माका, एकदांडी आणि गाजरगवत

सूर्यफूल कुलातील तीन रानफुले. वर्धा जिल्ह्यात कपाशीच्या धुऱ्यावर, पडीकात आणि नाल्याकाठी ती आढळतात. तिन्हींना पांढऱ्या कडेची फुले येतात, त्यामुळे लांबून गफलत होते. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ (स्तबक) असतो. ओळख पटते ती तिथेच.

एकदांडी म्हणजे कंबरमोडी (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स). लांब, उघड्या दांड्यावर एकच स्तबक, पिवळे बिंब, भोवती बहुधा पाच रुंद पाकळ्या. प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. मूळची उष्ण अमेरिकेतली.

माका (एक्लिप्टा प्रोस्ट्राटा) ओलीचा सोबती. त्याच्या पाकळ्या आखूड, दोऱ्यासारख्या आणि पुष्कळ. शंका असेल तर पान चुरडावे: रस काळपट होतो. केशतेलातला माका हाच.

गाजरगवताची (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) पाने गाजरासारखी चिरलेली, स्तबक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचे, कडेला पाच इवल्या पाकळ्या. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले. ते उपटताना हातमोजे हवेतच. त्याने त्वचेला खाज सुटते आणि परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो.

बी पाहिले तरी फरक कळतो. एकदांडीच्या बीला पिसासारखे केस असतात आणि ते वाऱ्यावर उडते. माक्याचे बी बिनकेसांचे.