निवृत्त सेनाधिकाऱ्यांचा निवडणूक-पाठिंबा (अमेरिका)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारास निवृत्त जनरल व ॲडमिरल यांनी जाहीरपणे दिलेले समर्थन. सेवेतील सैनिकांना पक्षीय प्रचाराची मनाई असते. निवृत्तांना मोकळीक आहे. या प्रथेला खरे वजन आले ते १९९२ मध्ये. व्हिएटनाम युद्धातील सक्तीची भरती चुकवल्याबद्दल डेमोक्रॅटिक उमेदवार बिल क्लिंटन यांच्यावर टीका होत असताना संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे माजी अध्यक्ष ॲडमिरल विल्यम क्रो त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे क्लिंटन यांनी त्यांना ब्रिटनमध्ये राजदूत नेमले. २००८ मध्ये रिपब्लिकन असूनही जनरल कॉलिन पॉवेल यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामांची बाजू घेतली, तेही गाजले. मात्र नुसत्या संख्येने मते वळत नाहीत. २०१२ मध्ये समर्थनाच्या जाहिरातीत सुमारे ५०० निवृत्त अधिकाऱ्यांची नावे झळकूनही रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी हरले. अधिक गंभीर परिणाम होतो तो सेनेच्या पक्षनिरपेक्षतेवर. २०१६ मध्ये निवृत्त जनरल जॉन ॲलन डेमोक्रॅटिक, तर मायकेल फ्लिन रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात बोलले. त्यावर संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे आणखी एक माजी अध्यक्ष मार्टिन डेम्पसी यांनी दोघांनाही जाहीरपणे दोष दिला. अशा भाषणांमुळे सेवेत असलेल्या सेनाधिकाऱ्यांचे काम अवघड होते, असे त्यांचे म्हणणे होते.